हेरवाडेबाईंची सही

हेरवाडेबाई माणसाकडे खालून वर पाहत. आधी बूट, मग पँटचा तळ, मग गुडघे, मग आसन, मग कंबर, आणि एवढं पाहून वेळ उरलाच तर तोंड. दोन हजार तीन साली मी पुण्याहून सिंगापूरला नोकरीला आलो आणि पहिल्या दिवशी नवा कोरा सूट चढवून त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. बाईंची नजर माझ्या पायांशीच थांबली.

"डावा दोन सूत लांब आहे," त्या म्हणाल्या.

मी घाबरून पाय जवळ घेतले आणि खाली पाहिलं.

"पाय नव्हे हो, पँट. कुणी शिवली?"

"पुण्यातले आमचे नेहमीचे टेलर आहेत."

"त्यांना कळवा. म्हणावं, सिंगापूरला उघडकीला आलं."

आमची कंपनी अमेरिकन होती आणि फक्त मुलग्यांचे कपडे विकायची. दुकानं अमेरिकेत, शिवणारे कारखाने कॉजवेच्या पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला, आणि मधलं आमचं ऑफिस वुडलँड्सच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत पाचव्या मजल्यावर. तिथे मी मर्चंडायझर होतो. नाव भारदस्त असलं तरी काम सांगकाम्याचं. अमेरिकेचा हुकूम कारखान्याला कळवायचा आणि कारखान्याची कुरकुर अमेरिकेला. कमल हेरवाडे, म्हणजे आमच्या हेरवाडेबाई, तांत्रिक विभागाच्या प्रमुख होत्या. नमुना कसा कापायचा, कसा शिवायचा, अंगावर कसा बसला पाहिजे, यात त्यांचा शब्द शेवटचा होता.

बाई मूळच्या इचलकरंजीच्या, शिंप्याची मुलगी. लग्न करून इथे आल्या. यजमान तुआसला जहाजांच्या कारखान्यात होते. बाईंनी सुरुवात केली शिलाईच्या मशीनवर, मग कटिंगच्या टेबलावर, मग पॅटर्न काढण्यात. यजमान गेले त्यालाही बरीच वर्षं झाली होती. हे सगळं मला इतरांकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. स्वतःबद्दल विचारलं की बाई म्हणत, "माझं काय विचारतोस? पँटचं विचार." पहिल्या आठवड्यातच मी 'अहो'वरून 'अरे'वर आलो होतो, आणि नाव असूनही त्या मला माझ्या पदवीवरून 'इंजिनिअर' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे चार वर्षांत मला कळलं नाही.

अंगाने ठेंगण्या, केस बारीक कापलेले, स्वतःच्या हातची काळी पँट आणि सैल सुती झब्बा. गळ्यात टेप. तो ऑफिसात तर असेच, पण यिशुनला घरी जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोतही असे. गाडीत शाळेतली पोरं भेटत. इथल्या शाळांत मुलगे बरीच वर्षं अर्ध्या चड्डीत काढतात, लांब पँट मोठ्या वर्गांत. बाई त्या चड्ड्या वाचत बसत. एकदा माझ्यादेखत त्यांनी एका अनोळखी पोराच्या चड्डीचा तळ उलटून शिलाई पाहिली. त्याच्या आईने पोराला मागे ओढलं. बाई तिला म्हणाल्या, "गुड स्टिचिंग. व्हेअर यू बाय?" आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत दोघी बायका गळ्यात गळे घालून बोलत होत्या.

वर 'सूत' म्हणाले ते सांगायला हवं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्याकडच्या शिंप्यासुतारांचं माप. आता योगायोग असा, की अमेरिकन कंपन्यांच्या मापपत्रकातही सगळं आठव्या भागातच असतं. बाईंना मोठा आनंद झाला असणार. त्यांनी अख्ख्या ऑफिसाला सूत शिकवलं. नमुने शिवणारी आह लिंग, बाईंची तीस वर्षांची मैत्रीण, कमरेचं माप घेता घेता ओरडायची, "मॅडम, टू सूत ओन्ली ला!" हा 'ला' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट. जोहोरच्या कारखान्यातून मलय मास्तरांचे फॅक्स यायचे, त्यांतही 'soot' असायचं. एका नव्या अमेरिकन पोरीने तो शब्द कोशात शोधला आणि आमच्या कापडावर काजळी कुठून आली म्हणून काळजीचं पत्र पाठवलं होतं.

नव्या माणसाची बाई परीक्षा घेत. त्यांच्या टेबलामागे एक स्टीलचं कपाट होतं. कंपनीचा जुना खरेदीप्रमुख, फ्रँक नावाचा म्हातारा, निवृत्त होताना स्वतः हौसेने जमवलेले जुने कपडे बाईंना देऊन गेला होता. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी आधी एक पिवळट पडलेला, झालर लावलेला फ्रॉक टेबलावर ठेवला.

"हा कुणाचा?"

"लहान मुलीचा."

"नापास. पोराचा. अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांमागं पोरगं चार-पाच वर्षांचं होईतो हेच घालायचं. का? धुवायला सोपं, मुतायला सोपं. आयांचं बरोबर होतं."

मग गुडघ्यापर्यंतची लोकरी चड्डी आली. फ्रॉक सुटून ती अंगावर चढायची त्या दिवशी आई रडायची आणि बाप मिशीत हसायचा, असं बाईंचं म्हणणं. त्यानंतर त्यांनी एक विचित्र प्रकार काढला. वर घोळदार, गुडघ्याच्या खाली घट्ट पट्टी आणि पट्टीला बक्कल.

"ही त्यांची निकर. खाली लांब मोजे. वीस-पंचवीस वर्षं तिथलं प्रत्येक पोरगं ह्यात कोंबलं लेकांनी. कॉर्डरॉयची असली तर चालताना मांड्या घासून फस्स-फस्स आवाज. उशिरा आलेलं पोर मास्तरला न बघता कळायचं. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी बाप दुकानात न्यायचा आणि लांब पँट घ्यायचा. आपल्याकडं मुंज करतात, तिकडं शिंपी करायचा. आता सांग, ही निकर बंद कुणी पाडली?"

"कंपन्यांनी. फॅशन बदलली म्हणून."

"परत नापास. पोरांनी बंद पाडली. हा आमचा फ्रँक बारा वर्षांचा होता. घरातून निकर घालून निघायचा, कोपऱ्यावर गेला की बक्कल सोडायचा, दोन्ही पाय ओढून घोट्यापर्यंत खाली घ्यायचा आणि लांब पँट असल्यागत ऐटीत शाळेत जायचा. संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर परत बक्कल. गावोगावच्या कोपऱ्यांवर पोरांनी बक्कलं सोडली, तेव्हा कुठं कंपन्यांचे डोळे उघडले. पुढं जीन्स आली. हेडमास्तर म्हणाले, शाळेत चालणार नाही. पोरं म्हणाली, बघू कोण थांबवतंय. गुडघे फाटायचे, आया ठिगळं लावायच्या. मग कंपनीनं गुडघ्याला आतून दुसरं कापड जोडलं आणि जाहिरात केली, आम्ही शोध लावला! शोध आयांचा, नाव ह्यांचं."

हे सांगताना बाईंचा चेहरा असा फुललेला असे, की जणू त्या स्वतःच एखाद्या कोपऱ्यावर उभ्या राहून पोरांची बक्कलं सोडत होत्या. यात इतिहास किती आणि फ्रँक किती, मी तपासायला गेलो नाही. त्यांना कोणी 'हे असंच असतं' म्हणून सांगितलेलं खपत नसे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आपल्या मराठी मंडळींतही त्या अशाच. दरवर्षी गणपतीत सगळे जमायचे. बँकांतले, हिशेबतपासनीस, आमच्यासारखे, नोकरी असेतोवरच राहू देणाऱ्या एम्प्लॉयमेंट पासवरचे. एका वर्षी एका बाईंनी हेरवाडेबाईंची ओळख करून घेतली. "आमचे हे बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहेत. तुम्ही काय करता?"

"मी पोरांच्या चड्ड्या करते."

समोरच्या बाईंना वाटलं, आपण मदत करावी. "म्हणजे फॅशन डिझायनिंग का?"

"नाही. चड्ड्या. ते तुमचे यजमान का हो? त्यांची पँट मागून ओढत्येय. आसन कमी पडलंय. बसताना जरा जपा म्हणावं."

व्हाइस प्रेसिडेंटसाहेबांनी त्या दिवशी आरती, भाषणं आणि जेवण, सगळं उभ्यानेच उरकलं. मी बाईंना नंतर म्हटलं, "असं बोलायचं का हो?" तर म्हणाल्या, "चड्डी म्हटल्यावर तिचं तोंड बघितलंस? लाज मला वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. मग उरली ती कुणाला तरी द्यायला नको?"

बाईंचं एक वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं. "मुलगा म्हणजे आटलेला माणूस नव्हे." त्याला निमित्त झालं ते केव्हिनचं. केव्हिन हा अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसातला नवा खरेदीप्रमुख. तिशीचा, उमदा, हसतमुख पोरगा. त्याने एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणला. मोठ्या माणसाच्या पँटचा पॅटर्न त्यात घातला की सात वर्षांच्या मुलाचा छोटा पॅटर्न बाहेर पडायचा. बाईंनी तो निमूटपणे कापला, आह लिंगने शिवला, आणि बाईंनी शेजारच्या ओंकारला बोलावलं. त्यांच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबातला हा सात वर्षांचा मुलगा आमचा मापाचा मुलगा होता. नवी पँट त्याला घालून पाहायची ही पद्धत. त्याची आई त्याला घेऊन आली. उभा राहिला तेव्हा पँट झकास दिसत होती. केव्हिनने फोटो काढला.

"ओंकार, बस," बाई म्हणाल्या.

ओंकार उकिडवा बसला. मागून पँट सरकून कुठल्या कुठे गेली.

"आंटी, माय बॅकसाइड कॅन सी, ला!" तो ओरडला.

"उभ्या पोराची पँट कुणीही शिवतो," बाई केव्हिनला इंग्रजीत म्हणाल्या, "पण सात वर्षांचं पोरगं दिवसातून उभं किती वेळ असतं?" केव्हिन कानापर्यंत लाल झाला, हसला आणि प्रोग्रॅम परत घेऊन गेला. माणूस वाईट नव्हता. पुढे जे झालं ते त्याच्या वाईटपणाने झालं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दोन वर्षांनी केव्हिनने एक कार्गो पँट पाठवली. तेव्हा तीच लाट होती. मांडीला मोठे खिसे, आणि पँटच्या तळाशी नेफा करून त्यातून दोरी ओवलेली. दोरीची दोन्ही टोकं बाहेर लोंबणार, टोकांना प्लॅस्टिकचे बोराएवढे मणी. त्यांना आम्ही टॉगल म्हणायचो. दोरी ओढली की तळ घोट्याशी चुणतो, सोडली की मोकळा. पोरांना असल्या गोष्टी आवडतात. मलाही आवडली. बाईंनी ती हातात घेतली, टॉगल बोटांत फिरवला आणि कार्डावर लाल अक्षरांत लिहिलं, 'दोरी काढा.'

दुसरा नमुना आला, दोरी थोडी आखूड करून. 'दोरी काढा.' तिसरा आला. 'दोरी काढा.' चौथ्या खेपेला केव्हिन स्वतः विमानाने आला.

बैठक आमच्या डायरेक्टरच्या, मिस्टर लिमच्या, खोलीत झाली. केव्हिनने नियमांचं पुस्तक आणलं होतं. जॅकेटच्या टोपीच्या दोरीबद्दल त्यात लिहिलं होतं, पँटच्या तळाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"नियम अपघातानंतर लिहितात," बाई म्हणाल्या. "टोपीचा लिहिला तेव्हा कुणाचा तरी गळा अडकला होता. हा लिहायला कुणाचा पाय द्यायचा?"

केव्हिन म्हणाला, "मॅडम कमल, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, की काय घालायचं ते शेवटी मुलं ठरवतात? मुलांनी ठरवलंय. त्यांना दोरी हवी आहे."

हा वार नेमका बसला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी नियमांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "पँट कशी दिसावी ते पोरं ठरवतील, आणि मी त्यांच्या बाजूनं भांडेन. पण पोरगं ती घालून धड घरी येईल की नाही, हे मी बघायचं. मला पगार त्याचा मिळतो." आणि उठून म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर."

त्यांनी पँटच्या एका पायात चिंध्या ठासून भरल्या, खाली ओंकारचा जुना बूट शिवला आणि तो पाय बगलेत मारून आम्हाला आणि आह लिंगला घेऊन निघाल्या. स्टेशनजवळच्या मॉलमध्ये सरकते जिने होते. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. पायाला वरून काठी बांधलेली होती. बाईंनी तो जिन्याच्या पायरीवर कडेला लागून उभा केला आणि आपण दोन पायऱ्या वर उभ्या राहिल्या. शाळेतलं पोर जसं कडेला रेलून उभं राहतं, अगदी तसा तो पाय दिसत होता. अर्ध्या वाटेत टॉगल कडेच्या फटीत गेला. दोरी ताणली. बूट आडवा झाला, आणि पँटचा तळ कुणीतरी खालून खेचावा तसा फटीत जाऊ लागला. चिंध्यांचा पाय वेडावाकडा झाला. आह लिंगने किंचाळून लाल बटण दाबलं. जिना थांबला.

सुरक्षारक्षक धावत आला. "आंटी, कॅनॉट लाइक दॅट, ला! वॉट यू डूइंग?"

"माझं काम," बाई म्हणाल्या.

त्यांचं नाव-पत्ता लिहून घेतला गेला. मॉलमध्ये असं पुन्हा करणार नाही म्हणून त्यांनी सही दिली. केव्हिन तो फाटका पाय हातात धरून उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, झालं, जिंकलो.

पण टॉगलचे खोके आधीच जोहोरला पोचले होते. जाहिरातीचे फोटो दोरीसकट छापून झाले होते. दुसऱ्या दिवशी केव्हिन म्हणाला की आपण आत धोक्याची सूचना देणारं लेबल लावू. बाईंनी विचारलं, "सात वर्षांचं पोर कंबर उलटून लेबल वाचतं आणि मग जिना चढतं?" तो त्याच रात्रीच्या विमानाने परत गेला, आणि लिमसाहेबांनी बाईंना सांगितलं, की शुक्रवारपर्यंत नमुन्यावर सही झाली पाहिजे.

इथे आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. नमुना पसंत पडला की त्याच्या कमरेला कार्ड अडकवायचं, त्यावर तांत्रिक प्रमुखाने सही करायची आणि दोऱ्यावर शिशाचं सील दाबायचं. कारखान्याच्या लेखी तो सील केलेला नमुना म्हणजे देव. ईमेलमध्ये काही असो, ऑर्डरच्या कागदावर काही असो, मास्तर नमुना पाहतो आणि नमुन्यात असेल ते शिवतो. कागद चुकतात म्हणूनच ही रीत पडली.

शुक्रवारी सकाळी मी जरा लवकर आलो. बाई मशीनवर बसलेल्या होत्या. कित्येक वर्षांत त्यांना कुणी मशीनवर पाहिलं नव्हतं. दोरी कापून टेबलावर टाकलेली होती आणि त्या नेफ्याची भोकं शिवून बंद करत होत्या. आह लिंग शेजारी उभी राहून म्हणत होती, "गिव मी, गिव मी, आय डू." बाईंनी तिला हात लावू दिला नाही. "तुझा हात नको ह्यात," एवढंच म्हणाल्या. तळाला साधी सरळ तुरपाई घातली, इस्त्री फिरवली, कार्डावर सही केली आणि सील दाबलं.

नमुन्याबरोबर जाणारी कागदपत्रं माझ्याकडे होती. त्यांत दोरी होती.

"बाई, दोरी?" मी विचारलं.

"दिसत्येय का तुला?"

"नाही."

"मग नाही."

जोहोरची गाडी नऊला निघायची. ती निघाली. मी काही बोललो नाही. तेवढं न बोलणं मला फार धाडसाचं वाटलं होतं.

अमेरिकेत माल उतरला तेव्हा बोंब झाली. सगळ्या पँटच्या तळाला साधी तुरपाई. फोटोत दोरी, अंगात नाही. केव्हिनचे फोन, वरच्यांचे फोन, लिमसाहेबांच्या खोलीचं दार दिवसभर बंद. शेवटी एक अहवाल भरायचं ठरलं. मागितलेल्या मालात आणि पाठवलेल्या मालात फरक पडला की हा एक पानी कागद भरावा लागे. वरच्या चौकटीत तांत्रिक प्रमुखाने कारण लिहायचं, खालच्या चौकटीत मर्चंडायझरने, म्हणजे मी, आपलं मत.

लिमसाहेब स्वतः बाईंच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मॅडम कमल, दोन वर्षं राहिली तुमच्या निवृत्तीला. लिहा, घाईत चुकीचा नमुना गेला. दोन ओळी. बाकी अमेरिकेला मी सांभाळतो." माणूस मनापासून बोलत होता. बाईंना घालवायची त्याची इच्छा नव्हती.

ते गेल्यावर आह लिंग रडायला लागली. मीही बाईंच्या विनवण्या केल्या. "बाई, काम तर झालं ना? पँट बिनदोरीच्या गेल्या. जिंकलात तुम्ही. आता दोन ओळी लिहून टाका."

बाईंनी चष्मा काढला. "इंजिनिअर, चूक म्हटलं तर पुढच्या खेपेला काय करतील?"

"काय करतील?"

"चूक दुरुस्त करतील. दुरुस्त म्हणजे काय? दोरी परत लावतील. आणि माझाच अहवाल दाखवतील, की बघा, दोरी राहिली ती चुकून. मुद्दाम म्हटलं तर त्यांना निदान विचारावं लागेल, का म्हणून. मी सांगेन. पुन्हा पाय भरून दाखवीन. आणि खाली तू 'पटतं' म्हणून लिहिलंस की दोघांचं मत झालं. दोघांचं मत आलं की अमेरिकेत तपासणीला पाठवावंच लागतं. एकटीचं मत म्हणजे म्हातारीचा हट्ट."

त्यांनी पेन घेतलं आणि कारणाच्या चौकटीत इंग्रजीत लिहिलं, 'चूक झालेली नाही. मी दोरी मुद्दाम काढली. पोराचा पाय अडकतो.' खाली पूर्ण नावाने सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

माझ्या पासावर त्या वर्षी नूतनीकरणाचा शिक्का पडायचा होता. बायकोला दिवस गेले होते. ही कारणं खरी होती, आणि मी त्यांचा आधार घेतला हेही खरं. मी कागद टेबलावर घेऊन गेलो, बराच वेळ बसलो, आणि खालच्या चौकटीत लिहिलं, 'वाचले.' खाली सही केली.

बाईंनी ते पाहिलं. मी तयारी ठेवली होती की त्या दोन शब्द सुनावतील, 'नापास' तरी म्हणतील. त्यांनी कागद पाकिटात घातला आणि स्वतः लिमसाहेबांकडे नेऊन दिला.

पंधरा दिवसांनी बाईंची नोकरी संपली. निरोपाचा केक नको म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाटातले कपडे आह लिंगकडे सोपवले, टेबलाचे खण पुसले आणि नेहमीच्या वेळेला निघाल्या. लिफ्टपर्यंत सगळे गेलो. लिफ्टचं दार बंद होताना लिमसाहेब म्हणाले, "सॉरी, मॅडम." बाई म्हणाल्या, "मला सॉरी नाही." त्या ताठ उभ्या होत्या. तेवढं ताठ मी आयुष्यात कुणाला उभं राहिलेलं पाहिलं नाही, आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

सहा महिन्यांनी त्याच पँटची दुसरी ऑर्डर आली. बिनदोरीच्या पँटही खपल्या होत्या, पण फोटोत दोरी होती आणि कुणीतरी ग्राहकाने विचारलं होतं. नव्या तांत्रिक प्रमुखाने नमुना पाहिला, छान आहे म्हणाला आणि सील केलं. दोरी लागली. कागदपत्रं मी पाठवली. त्या पँटने तिकडे कुणाचा पाय अडकला का, हे मला कधी कळलं नाही. पहिल्या खेपेत कुणाचा वाचला असेल, तर तेही कळायची सोय नाही.

त्यानंतर साधारण वर्षभराने, एका रविवारी दुपारी, यिशुनच्या बस इंटरचेंजवर बाई दिसल्या. रांगेत उभ्या होत्या. हातात कापडाची जड पिशवी. आता घराखालच्या एका छोट्या दुकानात कपडे दुरुस्तीचं काम करतात, हे मी आह लिंगकडून ऐकलं होतं. मी कडेवरच्या माझ्या मुलीला सावरत जवळ गेलो. बाईंनी तिच्या गालाला हात लावला, नाव विचारलं. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "परत लावली ना रे दोरी?"

"लावली."

"कोणाची सही?"

"नवीन माणूस आहे."

त्यांनी मान हलवली. रांग पुढे सरकली. मला राहवलं नाही.

"बाई, मला तेव्हा पटलं होतं. शंभर टक्के पटलं होतं."

"मला ठाऊक होतं ते," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "मग तेव्हा लिहायचं."

बसचं दार उघडलं. बाईंनी पिशवी खांद्यावर घेतली, बसभाड्याचं कार्ड यंत्राला टेकवलं आणि त्या आत गेल्या.